वहिनीच्या डोहाळजेवणाचे थरांचे माचा टार्ट

वहिनीला सातवा लागलाय आणि १० मेला संध्याकाळी आमच्या इंदूरच्या घरी, सुदामानगरला, गच्चीवर डोहाळजेवण आहे. थीम काय ठेवायची यावर बोलणं चाललं होतं तर आजी म्हणाली, डोहाळजेवणाची थीम आधीपासून ठरलेलीच असते, हिरवी. साडी हिरवी, चुडा हिरवा, खण हिरवा. मग गोडही हिरवंच करू असं ठरलं. आणि वहिनीचे डोहाळे म्हणाल तर ते चिंचेचे नाहीत, कैरीचे नाहीत, माचाचे आहेत, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या बारीक पुडीचे, लग्नाआधी चार वर्षं बंगळुरूला नोकरीला होती तेव्हापासूनची आवड. म्हणून मी सांगून टाकलं की गोड मी करणार, थरांचे माचा टार्ट, ४० नग, बिनअंड्याचे आणि बिनजिलेटिनचे, कारण आजी, काकू आणि अर्धे शेजारी दोन्हीला हात लावत नाहीत. मला केक येतात, टार्ट कधी केले नव्हते. कोणी असंच काही करायला घेतलं तर उपयोगी पडेल म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतेय, बिघडलं ते पण सगळं.

रविवार, १९ एप्रिल

सकाळी पोहे-जलेबी खाता खाता थर ठरले. खाली मैद्याची खुसखुशीत वाटी, त्यात तळाला पातळ थर एक तर पेढ्याचा नाहीतर बर्फीचा, त्यावर फिका हिरवा माचा, सगळ्यात वर गडद हिरवा. पेढा की बर्फीची कल्पना आईची. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात ना, एकीत पेढा आणि एकीत बर्फी, तोच खेळ टार्टच्या पोटात. वरून ४० च्या ४० सारखे दिसले पाहिजेत, कापल्यावरच कळलं पाहिजे. २० पेढ्याचे, २० बर्फीचे.

गर्भारपणात माचा चालतो का हे आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं, चहा, कॉफी, माचा सगळं मिळून दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत रहा. एक ग्रॅम माचात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे एका टार्टात पाऊण ग्रॅमच्या आत माचा ठेवला की तिने दोन खाल्ले तरी हरकत नाही, फक्त त्या दिवशी चहावर थोडं लक्ष ठेवायचं. हा पाऊण ग्रॅमचा आकडा मी फ्रीजवर लिहून चिकटवला आणि पुढचं सगळं माप त्याच्यावरून काढलं.

बुधवार, २२ एप्रिल

पहिली चूक पैशाची. ऑनलाइन १०० ग्रॅम माचा ३८० रुपयांत दिसला, मागवला. पुडी उघडली तर रंग वाळलेल्या मेथीसारखा आणि वास सुक्या गवताचा. बोटांत चोळून पाहिलं तर कणी लागते, रव्यासारखी नाही पण बेसनासारखी नक्कीच. तो माचा नव्हता, साधी ग्रीन टी दळून दिलेली होती. खऱ्या माचाची झाडं तोडणीच्या आधी तीन-चार आठवडे सावलीत झाकून ठेवतात, त्याने पान गडद हिरवं होतं, मग देठ-शिरा काढून दगडी जात्यावर अगदी हळू दळतात, एक जातं तासाला ३०-४० ग्रॅमच काढतं. त्यामुळे तो ३८० रुपयांत १०० ग्रॅम मिळणारच नाही हे मला आधी कळायला हवं होतं.

वहिनीने तिच्याकडची उरलेली डबी आणून दाखवली. पांढऱ्या कागदावर दोन्हीची चिमूट ठेवून बोटाने रेघ ओढली. तिच्या माचाची रेघ टाल्कम पावडरसारखी सलग आणि पोपटी हिरवी उमटली, माझ्या पुडीची रेघ तुटक, खाकी आणि कडेला दाणे. घ्यायच्या आधी फोटोवर विश्वास ठेवू नका, थोडा नमुना मागवून ही कागदाची परीक्षा करा, दहा सेकंदात कळतं.

मग ३० ग्रॅमच्या दोन डब्या घेतल्या, ९५० ची एक. एक प्रयोगांना, एक शेवटच्या दिवसाला. डबी उघडली की फ्रीजमध्ये, हवाबंद, आणि काढल्यावर बाहेरच्या हवेला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत ओल धरते आणि गुठळ्या होतात.

शनिवार, २५ एप्रिल

सियागंजच्या बाजारात गेले. थर जमवायला अगर-अगर मागितलं तर दुकानदाराने विचारलं, "दीदी, चाइना ग्रास पत्ती में दूँ या पाउडर में?" पावडर घ्या. पत्तीचं वजन करून विरघळवत बसणं ४० नगांच्या कामात परवडत नाही. ५० ग्रॅम १८० रुपये. हे समुद्री शेवाळापासून करतात त्यामुळे शाकाहारी, आणि आपल्या उन्हाळ्यासाठी जिलेटिनपेक्षा बरं, कारण जिलेटिन तिशी-पस्तिशीतच वितळायला लागतं आणि आमच्या गच्चीवर मे महिन्यात संध्याकाळी सहाला सुद्धा तेवढं असतं. अगर एकदा जमलं की ८५ च्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. हाच गुण पुढे माझ्यावर उलटणार होता, ते ९ तारखेला लिहिलंय.

तिथून राजवाड्यामागे बर्तन बाजार. सात सेंटीमीटरचे झालरीचे साचे, २५ रुपयाला एक, २४ घेतले. सुट्ट्या बुडाचे मिळाले नाहीत, अखंड बुडाचे मिळाले. वाटलं तेवढ्याने काय फरक पडतो. पडतो.

रविवार, २६ एप्रिल

माचाच्या थराचा पहिला प्रयोग. माझ्या डोक्यात श्रीखंड होतं, म्हणून चक्का घेतला, पिठीसाखर घातली, थोड्या पाण्यात अगर उकळून त्यात फेटलं आणि माचा मिसळला. तेव्हा सुंदर दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर हिरवा रंग मळका झालेला, शेवग्याच्या पानांची भाजी शिळी झाली की होतो तसा. आंबट पदार्थात माचाचा हिरवेपणा टिकत नाही आणि मी त्यात वरून गरम अगरही ओतलं होतं. चवीलाही आंबट आणि कडू एकमेकांशी भांडत होते. आजीने एक चमचा खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "श्रीखंडात वेलदोडाच बरा गं." चक्का रद्द. माचाचा ४ ग्रॅम गेला.

बुधवार, २९ एप्रिल

आता दूध, क्रीम आणि पांढरं चॉकलेट. आंबट काही नाही, आणि पांढऱ्या चॉकलेटच्या गोडीने माचाचा कडूपणा गोलसर होतो. कोको बटर असलेलंच चॉकलेट घेतलं, स्वस्त कंपाउंड नाही, त्यातल्या वनस्पती तुपाचा टाळूला चिकटणारा थर मला नको होता.

ऑफिसातून आल्यावर रात्री तीन वाट्या केल्या.

पहिलीत पाकिटावर लिहिल्याप्रमाणे अगर घातलं, अर्धा लिटरला ५ ग्रॅम. जमलं, पण इतकं की चमचा टेकवला तर थर खाली दबून परत वर आला. दाताखाली रबर. पाकिटावरचं माप पाण्याच्या जेलीचं असतं, मलईच्या थराला ते फार होतं.

दुसरीत अगर निम्म्याहून कमी केलं, २ ग्रॅम. तासाभराने वाटी तिरकी केली तर थर सरकला, आणि कडेला पाणी सुटलं.

तिसरीत २.५ ग्रॅम. हे माप बरोबर होतं पण तिथे वेगळाच घोळ झाला. अगर दुधात दोन मिनिटं छान उकळलं आणि क्रीम थेट फ्रीजमधून काढून ओतलं. बघता बघता पातेल्यात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. अगर चाळिशीच्या खाली आलं की जमायला लागतं, थंडगार क्रीम पडलं तिथे तिथे ते लगेच जमून बसलं आणि बाकीचं पातळ राहिलं. गाळलं तर अर्धं अगर गाळण्यातच. क्रीम आधी तासभर बाहेर काढून ठेवायचं आणि शक्य तर कोमट करूनच घालायचं, एवढी साधी गोष्ट. रात्रीचे साडेबारा झाले होते, पण माप सापडलं म्हणून बरं वाटलं.

माचा मिसळायची पद्धत पण इथेच पक्की झाली. कोरडा माचा गरम दुधात टाकला तर कितीही फेटा, बारीक हिरव्या गोळ्या राहतात आणि खाताना त्या कडू फुटतात. चहाच्या बारीक गाळण्यातून चमच्याच्या पाठीने चाळायचा, मग कोमट दुधाचे दोन-तीन चमचे घालून मेंदीसारखा कालवायचा, गुळगुळीत झाल्यावर मिश्रण गॅसवरून उतरवून साठ अंशांच्या आसपास आल्यावर त्यात घालायचा. उकळत्या पातेल्यात घातला की रंग उतरतो.

रविवार, ३ मे

वाट्यांचा दिवस, आणि सगळ्यात जास्त वेळ याच्यात गेला.

दुपारी अकराला पीठ मळायला घेतलं ही चूक. स्वयंपाकघरात भिंतीवरचं थर्मामीटर ३८ दाखवत होतं. बटर, पिठीसाखर, मैदा, कॉर्नफ्लोअर बोटांनी चोळताना दोन मिनिटांत बटर वितळून पीठ तेलकट झालं, लाटताना पोळपाटाला चिकटलं, मी वरून मैदा भुरभुरत गेले, मळत गेले, आणि भाजल्यावर वाट्या आकसून साच्याच्या अर्ध्यावर आल्या. वर कडक, शंकरपाळ्यासारख्या. जास्त मळलं की मैद्याला ताण येतो आणि ओव्हनमध्ये तो ताण सुटतो, वाटी खाली बसते.

शिवाय १२ पैकी ५ साच्यातून निघेचनात. अखंड बूड. चाकू घातला की झालर तुटायची.

संध्याकाळी आजीने मार्ग सांगितला. तिचं करंज्यांचं गणित आहे, पीठ पहाटे भिजवायचं आणि काम कोटा दगडाच्या ओट्यावर करायचं, तो पहाटे गार असतो. दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठून तसंच केलं. बटर फ्रीजरमधून काढून किसणीवर किसलं, त्यामुळे हात कमी लागला. थंड दूध चमच्याचमच्याने, पीठ जेमतेम एकत्र येईल इतकंच. सांचीच्या दुधाच्या पिशव्या कापून धुऊन ठेवलेल्या होत्या, दोन पिशव्यांच्या मध्ये गोळा ठेवून लाटला, वरून मैदा भुरभुरायची गरजच राहिली नाही. लाटलेली पारी पिशवीसकट वीस मिनिटं फ्रीजरमध्ये, मग साच्यात, मग साच्यासकट परत अर्धा तास फ्रीजरमध्ये.

साच्यातून काढायला बटर पेपरची बोटभर रुंद पट्टी आधी आडवी टाकली, दोन्ही टोकं बाहेर. भाजून गार झाल्यावर टोकं धरून उचललं की वाटी अलगद वर येते. आणि भाजताना बूड फुगू नये म्हणून काट्याने टोचून वर कपकेकचे कागद ठेवून त्यात राजमा भरला. १७० वर राजम्यासकट २० मिनिटं, राजमा काढून आणखी ८. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) मागच्या बाजूने जास्त तापतो म्हणून अर्ध्या वेळेला ट्रे फिरवला. सहा केल्या, सहाही सरळ उभ्या राहिल्या. ऑफिसला उशीर झाला पण डब्यात एक वाटी घेऊन गेले.

बुधवार, ६ मे

चार टार्ट पूर्ण करून पाहिले, दोन पेढ्याचे, दोन बर्फीचे. हा प्रयोग केला नसता तर १० तारखेला माझं काही खरं नव्हतं.

रात्री कापायला सुरी लावली तर पेढ्याच्या टार्टमध्ये हिरवे दोन्ही थर एका बाजूला घसरले. अख्खेच्या अख्खे, पत्त्यांसारखे. खाली पेढ्यावर तुपाचा चकचकीत पापुद्रा आणि त्यावर हिरवा थर नुसता टेकलेला. वरचे दोन हिरवे थरही एकमेकांपासून सुटले, कारण पहिला थर मी फ्रीजमध्ये दोन तास पूर्ण जमू दिला होता आणि मग दुसरा ओतला होता. अगरचा थर पूर्ण जमला की त्याच्या अंगावर पाण्याचा बारीक थर येतो आणि दुसरा थर त्याला धरत नाही.

आणि पेढ्यातलं केशर. दोन तासांत फिक्या हिरव्याच्या कडेने पिवळी रेघ वर चढली. वरून बघणाऱ्याला लगेच कळलं असतं कुठल्यात पेढा आहे, आणि मग खेळ संपलाच.

बुधवारी रात्री बसून एकेकावर उपाय काढला. वाटीला आतून वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा हात द्यायचा, ब्रशने, पातळ. त्याने वाटी दोन दिवस मऊ पडत नाही. पेढा दोन चमचे दूध पावडर घालून परत मळायचा, तूप ती पावडर धरून ठेवते, मग थापून काट्याने वर ओरखडे काढायचे. त्यावरही चॉकलेटचा पातळ हात, पण तो ओला चिकट असतानाच पहिला हिरवा थर ओतायचा. आणि दोन हिरव्या थरांमध्ये पूर्ण जमण्याची वाट बघायची नाही. बोट टेकवलं की चिकटतं पण बोटाला हिरवं लागत नाही, ती वेळ साधायची. फ्रीजमध्ये ती साधारण बारा ते पंधरा मिनिटांनी येते. वरचा थर तेव्हा पन्नास-पंचावन्न अंशांवर हवा.

तीस रुपयांत नीट चालणारं थर्मामीटर मिळत नाही, माझ्याकडे दादाचं चहा-कॉफीचं होतं. नसेल तर करंगळी बुडवून पहा, गरम लागलं पण हात मागे घ्यावासा वाटला नाही म्हणजे बरोबर.

गुरुवारी परत दोन करून कापले. थर धरून बसले. सुरी काढल्यावर कापाच्या बाजूला तीन रेघा दिसल्या, तळाला केशरी, मध्ये कोवळ्या केळीच्या पानासारखी, वर गर्द. आईने फोटो काढून मावशीला पाठवला आणि मी तो लगेच डिलीट करायला लावला, मावशी १० तारखेला येणार होती.

शुक्रवार, ८ मे

सुट्टी टाकली. पहाटे पाचला पीठ. मैदा ६००, बटर ३३०, पिठीसाखर १९०, कॉर्नफ्लोअर ६०, दूध पावडर ४० ग्रॅम, थंड दूध अंदाजे ५० मिली, चिमूटभर मीठ. २८ ग्रॅमचा एक गोळा असे ४५ झाले.

एका खेपेला १२. दोन खेपा छान गेल्या. तिसरी आत जाऊन सात मिनिटं झाली आणि लाईट गेली. ओटीजीचं दार न उघडता वाट पाहिली, चाळीस मिनिटांनी आली, पण तोवर आतल्या बटरने जीव सोडला होता. त्या १२ पैकी ३ बसल्या, बाकीच्या फिक्या राहिल्या म्हणून परत ६ मिनिटं जास्त दिली, चालल्या. एकूण ४२ चांगल्या. जादा पीठ धरलं होतं म्हणून निभावलं, ४० हव्या असतील तर ४५ चं पीठ घ्याच.

गार झाल्यावर चॉकलेटचा हात दिला. पहिल्या वाटीला ब्रश ओला होता हे माझ्या लक्षात आलं नाही, भांड्यातलं सगळं चॉकलेट दाटून वाळूसारखं झालं. पाण्याचा एक थेंब सुद्धा नको. ते १०० ग्रॅम नंतर दुधात उकळून वहिनीने प्यायलं.

शनिवार, ९ मे

सकाळी सहाला पेढा आणि बर्फी थापून झाली, दोन ट्रे, एकावर प आणि एकावर ब असं टेपवर लिहून. १२-१२ ग्रॅम, वजन करून. हाताने अंदाजाने टाकलं तर वरचा थर वर-खाली होतो.

फिका हिरवा थर. दूध ४०० मिली, अगर ४ ग्रॅम, दोन मिनिटं सतत ढवळत उकळलं, साखर ९० ग्रॅम, उतरवून पांढरं चॉकलेट १०० ग्रॅम, कोमट क्रीम ३०० मिली, मग ८ ग्रॅम माचा. गाळून चोचीच्या भांड्यात. पहिल्या सहा टार्टांत मी उंचावरून ओतलं, धार पेढ्यात घुसली आणि खड्डे पडले. नंतर चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून ओतलं, धार पसरत उतरली. बुडबुडे आगपेटीच्या काडीने फोडले.

ट्रे फ्रीजमध्ये. गडद थर लगेच करायला घेतला, तेच माप, फक्त माचा २० ग्रॅम. दोन्ही मिळून २८, म्हणजे टार्टला ०.७ ग्रॅम.

आणि इथे अगर उलटलं. पहाटेची हवा गार, वर पंखा चालू, भांडं गरम पाण्यात ठेवलं होतं पण ते पाणी मी बदललं नाही. ३३ टार्ट भरून झाले आणि भांड्यात कडेने साय धरल्यासारखं दिसलं. ढवळलं तर गुठळ्या. परत पातळ करायचं म्हणजे ८५ च्या वर न्यायला लागतं, आणि माचाला तेवढी आच द्यायची नसते. पण उरलेले ७ रिकामे ठेवता येत नव्हते आणि माचा डबीत फक्त २ ग्रॅम उरला होता. मग उकळलं, गाळलं, ओतलं. रंग मेंदीच्या पानाचा झाला, चव थोडी कडसर. त्या सातांवर पिस्त्याची पूड भुरभुरून घेतली, घरच्यांनी ते खायचे असं ठरवलं.

पंख्याखाली काम करू नका, आणि खालचं पाणी दर दहा मिनिटांनी बदला, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला फक्त तेवढंच काम द्या. मी एकटी होते आणि दोन्ही हात ओतण्यात होते.

फ्रीजमध्ये ४० मावेनात. दादाने शेजारच्या भाभींचा फ्रीज रिकामा करून घेतला, वीस त्यांच्याकडे, त्यांच्या भाज्या आमच्याकडे.

रविवार, १० मे

दुपारी आईने दोन्ही ट्रे मला खोलीबाहेर काढून एकत्र केले, म्हणजे मलाही कळू नये. दोन टार्ट आजीने आधीच वेगळे काढून चांदीच्या दोन वाट्यांखाली झाकून ठेवले.

सहाला गच्चीवर नेले. अर्धा तास उघड्यावर होते, गच्चीचा कोबा पायाला अजून तापलेला लागत होता. एकही थर पाझरला नाही, कडा धारदार. दोन टार्ट जिन्यात माझ्या हातून ताटात आपटले, त्यांची झालर तुटली, थर तसेच.

ओटी भरून झाली, फुलांचे दागिने घालून वहिनी झोपाळ्यावर बसली. आजीने दोन वाट्या पुढे केल्या. वहिनीने डावी उचलली, सुरीने मध्ये कापलं आणि दोन्ही अर्धे उघडून सगळ्यांना दाखवले. हिरवा, फिका हिरवा आणि खाली पांढराशुभ्र. "बर्फी!" असं एकदम दहा-बारा बायका ओरडल्या. मग सगळ्यांनी आपापले कापले, काकूने कागदावर पेढा-बर्फीच्या रेघा मारल्या. मावशी म्हणाली कडू आहे, आणि दुसरा घेतला. शेजारच्या भाभींच्या मुलाने वरचा हिरवा थर चमच्याने काढून ठेवला आणि खालचा पेढा खाल्ला.

वहिनीने पूर्ण खाल्ला, वाटीतले तुकडे बोटाने टिपून. मग उजवी वाटी स्वतःच उघडली.

सोमवार, ११ मे

खर्च: बिनकामाची पावडर ३८०, माचा १९००, बटर ६२०, पांढरं चॉकलेट ११००, क्रीम ३४०, अगर १८०, साचे ६००, पेढा-बर्फी ३००, मैदा-साखर-दूध-पिस्ता ३००. एकूण ५७२०, म्हणजे टार्टला १४३ रुपये. प्रयोगांचं वजा केलं आणि साचे घरात असले तर शंभराच्या आत बसेल. वेळ मोजला तर प्रयोगांसकट साधारण ३० तास.

परत केले तर दोन गोष्टी बदलेन. गडद थर दोन निम्म्या हप्त्यांत करेन, २० टार्टांचा एक, म्हणजे भांड्यात जमायची वेळच येणार नाही. आणि त्यातला माचा २० वरून १६ ग्रॅमवर आणेन, रंग तितकाच राहतो असं गुरुवारच्या प्रयोगात दिसलं होतं, मी उगाच भीतीपोटी वाढवला.

एक टार्ट फ्रीजमध्ये उरला होता, मुद्दाम ठेवला होता वाटी किती टिकते बघायला. आज रात्री साडेदहाला कापला, भरल्याला साठ तास होऊन गेले. बूड अजून कुरकुरीत, सुरीखाली आवाज आला. कडेला झालरीपाशी, जिथे चॉकलेटचा हात नीट पोचला नव्हता, तिथे थोडी मऊ. वरचा रंग जरा फिका पडलाय, कापलेल्या बाजूला मात्र आतून तसाच गर्द. अर्धा मी खाल्ला, अर्धा वहिनीसाठी ताटलीत झाकून ठेवलाय, ती झोपेतून बाराला उठतेच.